आहार आणि आजार (लेखांक सहावा) : पोटावरची पिशवी आणि बॉर्डरवरची शुगर

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असणे, किंवा मागील तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के येणे, या स्थितीला मधुमेहपूर्व अवस्था (बोलीत ‘बॉर्डरवरची शुगर’) म्हणतात, हे मागील लेखांकात पाहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या अवस्थेत आहेत. त्यांना दिला जाणारा सल्ला ठरलेला असतो : कोंड्यासकट धान्य, भरपूर पालेभाजी व कच्ची कोशिंबीर खावी, साखर सोडावी, मीठ बेताचे ठेवावे आणि वजन उतरवावे. परंतु ज्या रुग्णाचे आतडे शस्त्रक्रियेने पोटावर उघडलेले आहे, त्याला रुग्णालयातून निघताना मिळालेला पथ्याचा कागद अनेकदा नेमके उलटे सांगतो : कोंडा व कोशिंबीर टाळावी, मऊ भात घ्यावा, मीठ वाढवावे आणि साखर असलेली जलसंजीवनी प्यावी. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र एकाच माणसाने ते एकाच ताटात कसे उतरवायचे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून केलेल्या मलमार्गाला स्टोमा म्हणतात आणि त्यावर मल गोळा करणारी पिशवी चिकटवलेली असते. मोठे आतडे बाहेर काढले असेल तर ती कोलोस्टॉमी आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग बाहेर काढला असेल तर ती इलिओस्टॉमी होय. गुदाशयाच्या कर्करोगानंतर काही वेळा कोलोस्टॉमी करावी लागते. विषमज्वराने किंवा क्षयाने लहान आतड्याला छिद्र पडल्यावर अनेकदा तात्पुरती इलिओस्टॉमी करतात. यवतमाळ जिल्ह्यातील रुग्णाची अशी शस्त्रक्रिया यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होवो, सेवाग्रामला होवो किंवा नागपूरला, घरी परतताना आपला स्टोमा या दोहोंपैकी कोणता आहे हे त्याला व त्याच्या घरच्यांना नेमके ठाऊक असणे, ही पुढील साऱ्या आहारविचाराची पहिली अट आहे. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचा बराचसा भाग काम करीत असल्याने मल जवळपास बांधलेला येतो, बद्धकोष्ठ टाळण्यासाठी चोथा उपयोगीच ठरतो, आणि म्हणून जखम भरल्यानंतर अशा रुग्णाला मधुमेहपूर्व अवस्थेचे नेहमीचे पथ्य फारशी काटछाट न करता पाळता येते. कोबी, मुळा, वाल यांनी वायू धरतो, एवढे सांभाळले की पुरे. खरी कात्री इलिओस्टॉमीची आहे.

अन्नपाणी आणि पाचकरस मिळून दिवसाला सुमारे आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. त्यातला बहुतेक भाग तिथेच शोषला जातो आणि उरलेला एक ते दीड लिटर मोठे आतडे आटवते. इलिओस्टॉमीत हे शेवटचे आटवणे थांबते, त्यामुळे पिशवीत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पातळ मल येतो आणि त्याबरोबर सोडियम, म्हणजेच मीठ, वाहून जाते. त्यातच स्टोमाचे तोंड अरुंद असल्याने न शिजलेला, न चावलेला, दोरेदार चोथा तिथे अडकून मार्ग तुंबू शकतो. शस्त्रक्रियेनंतरचे सहा ते आठ आठवडे आतड्याला सूज असल्यामुळे हा धोका सर्वांत अधिक असतो.

मधुमेहपूर्व अवस्थेत चोथ्याचा आग्रह धरला जातो तो मुख्यतः पिष्टाचे पचन मंदावून साखर सावकाश रक्तात जावी यासाठी. हे पचन नेमके कसे होते, याचे बरेचसे ज्ञान इलिओस्टॉमी असलेल्या स्वयंसेवकांमुळेच मिळाले, ही गोष्ट अशा रुग्णांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. केंब्रिज येथील हान्स एंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी १९८० च्या दशकात अशा स्वयंसेवकांना धान्य, केळी व बटाटे खायला देऊन पिशवीत किती पिष्ट न पचता उतरते ते मोजले, आणि उकडून थंड केलेल्या बटाट्यातील पिष्ट ताज्या, गरम बटाट्यातील पिष्टापेक्षा पचनाला कमी दाद देते, असे दाखवून दिले. त्यातून निघणारा अर्थ असा की साखरेचा वेग केवळ कोंड्यावर ठरत नाही. दळण किती बारीक, शिजवणे किती, ताटात सोबत काय आणि एका वेळी किती, यांवरही तो ठरतो. चोथा कमी करावा लागला तरी यांतले पुष्कळसे रुग्णाच्या हाती उरते.

या दृष्टीने वऱ्हाडी स्वयंपाकघर गरीब नाही. बिनसालीच्या तुरीच्या डाळीचे घोटलेले वरण हे तर दोन्ही पथ्यांना एकाच वेळी मानवणारे अन्न आहे, कारण त्यात अडकणारी साल नसते, प्रथिने असतात आणि त्याची साखर भातापेक्षा सावकाश चढते. म्हणून ताटात भात मोठा आणि वरण वाटीभर हे नेहमीचे प्रमाण उलटवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फलदायी बदल ठरतो. ज्वारीचे पीठ बारीक दळून, चाळून केलेली भाकर सूज उतरल्यावर अर्ध्या-चतकोरापासून सुरू करता येते. बारीक पिठाची साखर जाड भरड्यापेक्षा लवकर चढते हे खरे, पण ती उणीव भाकरीचा आकार लहान ठेवून आणि सोबत दही, अंडे किंवा मासळी घेऊन बरीच भरून निघते. दुधी, कोहळा, साल काढलेले दोडके, बिया काढून शिजवलेले वांग्याचे भरीत यांतून भाजीची गरज भागते. मल घट्ट व्हावा म्हणून साबुदाणा, पिकलेली केळी व मऊ भात सुचवले जातात, पण बॉर्डरवरच्या रुग्णाने ते औषधाच्या मापाने घ्यावेत, पोटभर नव्हे. अंबाडी-मेथीचे दोरेदार देठ, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस, हरभऱ्याच्या घुगऱ्या, ओले खोबरे, आख्खे शेंगदाणे, बोरे आणि हिवाळ्यातला हुरडा हे सारे मात्र सूज उतरेपर्यंत टाळावे. पुढे ज्याला हुरडा चाखायचा असेल त्याने मूठभरच घ्यावा आणि प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावावा. पोटात कळा येऊन, मळमळ होऊन पिशवीत चार-सहा तास काहीच आले नाही तर जुलाबाचे औषध न घेता तडक रुग्णालय गाठावे.

मीठ-पाण्याचा प्रश्न याहून निकडीचा आहे, आणि यवतमाळचा उन्हाळा, जेव्हा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि शेताची मशागत तरीही थांबत नाही, तो अधिकच निकडीचा करतो. तहान लागली की नुसते पाणी तांब्याने पिणे हा स्वाभाविक उपाय, पण इलिओस्टॉमीत तो उलटतो : मिठाविना पाणी पोटात गेले की लहान आतड्याचा वरचा भाग त्यात उलट सोडियम सोडतो, पिशवी वाहू लागते आणि रुग्ण जास्त कोरडा पडतो. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात व त्यांच्यामागे पाणी जाते. जलसंजीवनीत साखर घातलेली असते ती याच कारणासाठी, गोडीसाठी नव्हे. बॉर्डरवरच्या रुग्णाला तिची वाटणारी भीती आकड्यांपुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात पावणेतीन ग्रॅमही नाही. दोन चमचे साखरेच्या एका चहात याच्या तिप्पट साखर जाते. तेव्हा सोडायचा तो चहातला गोडवा आणि बाटलीबंद सरबते. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेली जलसंजीवनी सोडायची नाही. पिशवीत येणारा मल दीड लिटरच्या पुढे गेला, लघवी कमी व गडद झाली, पायांत वांब येऊ लागले, तर साखरेचे पथ्य बाजूला ठेवून आधी पाणी व मीठ भरून काढावे आणि डॉक्टरांना गाठावे. हा क्रम चुकला तर मूत्रपिंडे धोक्यात येतात. एरवीच्या दिवसांत मीठ घातलेले ताक आणि ज्वारीच्या पिठाचे, ताकात शिजवलेले आंबील ही पेये उपयोगी आहेत, कारण आंबिलात पिष्ट आणि मीठ एकत्र असते. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मिठाचे माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

निदानातही एक खाच आहे. एचबीएवनसी ही तपासणी तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर उभी असते. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवले असेल तर ती फसवते आणि लोहाच्या कमतरतेत अनेकदा वाढलेली दिसते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. या आजारात पेशी लवकर मोडत असल्याने आकडा खोटाच कमी येऊ शकतो आणि वाहकांमध्ये काही तपासणी-पद्धती चुकू शकतात. अशा रुग्णाने उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. औषधांबाबत एवढेच : साखर उतरवणाऱ्या मेटफॉर्मिनने मल पातळ होऊ शकतो, त्याच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कधी पुरत्या न विरघळता पिशवीत उतरतात, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असल्यास आधीच कमी पडणारे ब-१२ जीवनसत्त्व त्याने आणखी घटू शकते, म्हणून हे औषध सुरू करताना स्टोमाचा प्रकार डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

वजनाचे पथ्य तर सरसकट लावूच नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपलीच दोघांची मापे प्रसिद्ध केली : उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखेच, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनाच्या आकड्यावरून कळत नाही. शस्त्रक्रियेने आणि आजाराने खंगलेल्या शेतमजुराची शुगर बॉर्डरवर आली म्हणून त्याला वजन उतरवायला सांगणे म्हणजे उरलेसुरले स्नायूही गमावायला सांगणे होय. त्याला प्रथिने, दिवसातून पाच-सहा थोडी थोडी जेवणे आणि जेवणानंतरचे चालणे हवे, कारण जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणावर वापरतात ते स्नायूच. तात्पुरती इलिओस्टॉमी काही महिन्यांनी बंद झाली की मोठे आतडे पुन्हा कामाला लागते आणि चोथ्याचे बंधन हळूहळू सैल करता येते. त्यानंतर तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासावी आणि तोवर पथ्याचे दोन्ही कागद जपून ठेवावेत.