चौकट : लीग निवडताना कोणते निकष पाहावेत?

अमेरिकेत महाविद्यालयांचे प्रशिक्षक युवा लीगचे सामने पाहून खेळाडू हेरतात व त्यांना शिष्यवृत्ती देऊ करतात. भारतात मात्र क्रीडा कोट्यातील, म्हणजे खेळाडूंसाठी राखीव जागांवरील, प्रवेश बहुतांशी प्रमाणपत्रांवर ठरतो, त्यामुळे स्पर्धेचा स्तर आणि तिची मान्यता या बाबी आधी तपासाव्या लागतात.

नोंदणीचे राज्य : बेळगाव व निपाणी येथील क्लब कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या कक्षेत येतात, तर निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूर महाराष्ट्राच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या कक्षेत येते, म्हणून तेथील शाहू स्टेडियमवरील चुरशीची ओढ कितीही असली, तरी पाल्य कोणत्या राज्यातील महाविद्यालयात जाणार, हे ठरवूनच नोंदणी करणे श्रेयस्कर ठरते.

शालेय मार्ग : जिल्हा व राज्य अशा पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या शालेय स्पर्धा आणि १९६० पासून खेळला जाणारा सुब्रतो चषक यांत संघ शाळेचा असल्यामुळे, शाळा त्यांत उतरते की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

सीमाभागाची सवलत : महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत स्वतंत्र तरतूद आहे, तथापि ती रहिवासावर आधारलेली असल्याने क्रीडा कोट्याशी तिची गल्लत करू नये.

कागदपत्रे : खेळाडूचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तंतोतंत जुळावी आणि प्रमाणपत्रावर वयोगट, वर्ष व स्पर्धेचा स्तर स्पष्ट असावा, कारण खासगी स्पर्धेतील मोठ्या करंडकापेक्षा मान्यताप्राप्त राज्यस्तरीय स्पर्धेतील सहभागाला छाननीत सहसा अधिक वजन मिळते.