साथीच्या साली नगराचा जमाखर्च

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस घरातील जमाखर्चाची वही चांगलीच परिचयाची असेल. वर्षारंभी घरचे वडील माणूस अमुक धान्याला, अमुक मुलांच्या फीला, अमुक कार्यासाठी अशी रकमांची वाटणी करून ठेवतात. मग एखाद्या साली घरात दुखणे शिरते. एक माणूस उठतो तो दुसरा अंथरूण धरतो. डॉक्टर, औषधे, पथ्यपाणी ह्यांना वहीत जागाच नसते. अशा वेळी काय होते? छपराची डागडुजी पुढील सालावर जाते, ठरलेले कार्य लांबते, दागिन्यांचा विचार कोणी बोलूनही दाखवीत नाही. ज्या घरी चार पैसे बाजूस टाकलेले असतात ते घर तरते. ज्या घरी ते नसतात, त्याला सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो.

नगराची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाही. फरक एवढाच, की घरच्या वहीवर आपली नजर असते आणि नगराच्या वहीकडे आपण सहसा ढुंकूनही पाहत नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा नवी मुंबईच्या महानगरपालिकेने आपला संसार कसा रेटला, हे आज जरा निवांतपणे पाहावे असे आम्हांस वाटते. साथ सरली म्हणजे तिचा हिशेबही विस्मरणात जातो, आणि खरे शिकावयाचे ते त्या हिशेबातच असते.

प्रथम ह्या नगराची थोडी ओळख. मुंबईवरील गर्दीचा भार हलका व्हावा म्हणून खाडीच्या पूर्व तीरावर नवे शहर वसविण्याचे ठरले आणि त्यासाठी १९७० साली ‘सिडको’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. आगरी-कोळी मंडळींच्या गावांभोवती, भातशेतीच्या व मिठागरांच्या जमिनींवर वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ही उपनगरे उभी राहिली. १ जानेवारी १९९२ पासून दिघ्यापासून बेलापुरापर्यंतच्या भागाचा कारभार महानगरपालिका पाहू लागली. २०११ च्या खानेसुमारीत तेथील वस्ती अकरा लाखांवर गेलेली होती. मुंबईस अन्नधान्य व भाजीपाला पुरविणाऱ्या बाजार समितीच्या कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला व धान्य ह्या पाचही पेठा ह्याच नगराच्या हद्दीत आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रातील महानगरपालिकांचा कायदा १९४९ चा आहे. त्याप्रमाणे दरसाल आयुक्तांनी पुढील वर्षाच्या उत्पन्न-खर्चाचे अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावयाचे, समितीने ते पारखावयाचे आणि अखेर लोकनियुक्त सभेने मंजूर करावयाचे, असा क्रम आहे. २०२० सालच्या फेब्रुवारीत हे अंदाज मांडले गेले तेव्हा साथीची चाहूल नुकतीच लागत होती. मार्च उजाडला तो राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा मुळी आपल्या मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या दिवसांतच जन्मास आला होता. सव्वाशे वर्षांनी तोच पुन्हा उपयोगी पडावा, हा योग विलक्षण खरा. पंचवीस मार्चपासून सारा देश घरात बसला, आणि फेब्रुवारीत केलेली वाटणी एका महिन्याच्या आत जुनी झाली.

जमेची बाजू

नवी मुंबईने प्रारंभीच्या काळात जकातीचे नाके उभे न करता व्यापार-उद्योगावर उपकर बसविला होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमुळे त्या उपकराचे उत्पन्न भरघोस येई. पुढे त्याच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू होताच तोही गेला. त्याची भरपाई म्हणून राज्य सरकारने कायदा करून दर महिन्यास ठरलेली रक्कम द्यावी व तीत दरसाल आठ टक्के वाढ धरावी, अशी व्यवस्था झाली. नगराच्या तिजोरीत येणाऱ्या रकमांत हीच सर्वांत मोठी होय.

आमच्या वाचकांस ही स्थिती चटकन समजेल. पूर्वी घरच्या शेतीवर व दुकानावर चालणारे कुटुंब आता परगावच्या मुलाच्या मनिऑर्डरीवर चालू लागले, असे हे आहे. साथीच्या साली ह्या मनिऑर्डरीचे महत्त्व कळून आले. जुना उपकर असता तर कारखान्यांची दारे बंद होताच तिजोरीचा ओघ आटला असता. भरपाईची रक्कम कायद्याने ठरलेली असल्याने ती व्यापाराच्या मंदीबरोबर खाली येत नव्हती. पण ह्या व्यवस्थेस दुसरी बाजूही आहे. मनिऑर्डर पाठविणाराच अडचणीत आला तर काय? त्या वर्षी राज्यांना द्यावयाच्या भरपाईवरून केंद्र व राज्ये ह्यांच्यात वाद झाला आणि अखेर केंद्राने १ लाख १० हजार कोटी रुपयांचे कर्ज काढून ते राज्यांस दिले. वरचा हात आखडला की खालचा ताटावर बसलेला घास अडतो, हे सूत्र घरास लागू आहे तसेच नगरासही आहे.

दुसरे मोठे उत्पन्न मालमत्ता कराचे. साथीच्या आधी कित्येक वर्षे ह्या कराचे दर वाढविलेले नव्हते, आणि ज्या साली लोकांचे पगार कापले गेले त्या साली ते वाढविण्याचा प्रश्नच नव्हता. उलट वर्षअखेरीस थकबाकीदारांसाठी ‘अभय योजना’ काढून दंडाच्या रकमेत मोठी सूट देण्यात आली. अडचणीत सापडलेल्यास हात देणे योग्यच. शिवाय बुडीत धरलेला पैसा ह्या वाटेने तिजोरीत येतो. तथापि ज्या गृहस्थाने त्याच वर्षी पोटास चिमटा घेऊन वेळेवर कर भरला त्याच्या मनास काय वाटले असेल, हाही विचार केला पाहिजे. सूट वारंवार मिळू लागली की वेळेवर भरणारा वेडा ठरतो.

खर्चाची बाजू

नगराचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक रोजचा: नळाचे पाणी, कचरा, दिवे, शाळा, नोकरांचे पगार. दुसरा भांडवली: पूल, रस्ते, इमारती. साथ आली तरी पहिला एक दिवसही थांबविता येत नाही. शिवाय साथीचा खर्च बहुतेक ह्या पहिल्याच प्रकारात पडतो. डॉक्टर, परिचारिका, औषधे, प्राणवायू, रुग्णांचे जेवण हे सारे रोज लागते आणि रोज संपते. म्हणून काटछाट होते ती दुसऱ्या प्रकारात. राज्य सरकारनेही ४ मे २०२० च्या आदेशाने आपल्या खात्यांचा विकासखर्च अंदाजाच्या तेहतीस टक्क्यांवर आणला व आरोग्यादि मोजकी खाती सोडून नव्या कामांस मनाई केली. ह्यावरून साथीची खरी किंमत कोठे शोधावी हे कळते. ती औषधांच्या बिलात असते तितकीच न झालेल्या कामांच्या यादीतही असते; आणि ही दुसरी यादी कोणी छापीत नाही.

मे महिन्यात बाजार समितीच्या पेठांतून साथ फैलावू लागली. हमाल, माथाडी, व्यापारी, वाहनचालक अशी हजारो माणसे रोज एकत्र येत. ११ ते १७ मे ह्या आठवड्यात पेठा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईकरांच्या स्वयंपाकघरासाठी राबणाऱ्या पेठेचा ताप नवी मुंबईच्या रुग्णालयांवर पडला. सोय सर्वांची आणि भार एकाचा, असा हा प्रकार होता.

रुग्णालयांच्या बाबतीत महानगरपालिकेने वाशीचे आपले मोठे रुग्णालय केवळ कोरोनाच्या रुग्णांसाठी राखले. खाटा अपुऱ्या पडणार हे दिसताच सिडकोच्या वाशी येथील प्रदर्शन केंद्रात सुमारे बाराशे खाटांची सोय करण्यात आली. तुर्भ्याचे राधास्वामी सत्संग भवन व बाजार समितीचे निर्यात भवनही ह्याच कामी आले. घरी कार्य निघाले म्हणजे आपण शेजाऱ्यांची ओसरी व भांडी मागून आणतो. कार्यासाठी कोणी नवा वाडा बांधीत नाही. ही काटकसर शहाणपणाची होती. पण खाट मागून आणता येते, परिचारिका आणता येत नाही. डॉक्टर व परिचारिका ठराविक मुदतीच्या कराराने नेमाव्या लागल्या आणि त्याच वेळी सारी शहरे त्यांच्याच शोधात होती. ज्या मनुष्यबळाची नेमणूक बऱ्या दिवसांत टाळली जाते, तेच वाईट दिवसांत चढ्या भावाने घ्यावे लागते.

ह्या साऱ्या खर्चात आम्हांस सर्वांत डोळस वाटतो तो नेरूळच्या प्रयोगशाळेवरचा. आरंभी घशातील स्रावाचे नमुने तपासणीसाठी नगराबाहेर जात आणि उत्तरास विलंब लागे. तोवर संशयित इसम खाट अडवून बसे, त्याच्या घरची मंडळी विलगीकरणात राहत आणि त्यांचे खाणेपिणे नगराच्या शिरावर पडे. ऑगस्ट २०२० मध्ये नेरूळच्या महापालिका रुग्णालयात दिवसाला हजार तपासण्यांची क्षमता असलेली स्वतःची प्रयोगशाळा सुरू झाली. असा खर्च दुसरे दहा खर्च वाचवितो.

घरोघरच्या जमाखर्चाकडेही लक्ष देणे भाग होते. मे महिन्यात राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील दर बांधून दिले. साध्या विलगीकरणास दिवसाला चार हजार, अतिदक्षता विभागास साडेसात हजार आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह नऊ हजार रुपये. परंतु दर बांधणे निराळे आणि ते पाळले जाणे निराळे. म्हणून महानगरपालिकेने बिलांची तपासणी करणारी समिती नेमली, आणि जादा घेतलेले पैसे रुग्णांच्या कुटुंबांस परत करावयास लावले. ह्या कामास नगराला खर्च थोडा आला असेल, पण एखाद्या घरची बचत किंवा गृहिणीच्या बांगड्या त्यामुळे वाचल्या असतील.

पूर्वपुण्याई

येथे प्रश्न उभा राहतो, की हे सारे नगराला झेपले कसे? आमच्या मते त्याचे उत्तर साथीच्या वर्षात नसून आधीच्या पंचवीस वर्षांत आहे. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण ह्या महानगरपालिकेने स्वतःचे म्हणून घेतले. स्वतःच्या मालकीचे धरण असणारी नगरे आपल्याकडे फारच थोडी. दिवसातून दहादा हात धुवा असे सरकार सांगू लागले, तेव्हा ज्या नगरास पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागत नव्हते, त्याची निम्मी चिंता आधीच मिटलेली होती. पैशाचा व्यवहारही चोख. पत ठरविणाऱ्या संस्थेने ह्या नगरास सलग अनेक वर्षे ‘डबल ए प्लस’ असा वरचा दर्जा दिला होता. धरण घेतले त्या दिवशी साथीचा विचार कोणाच्या मनातही नसेल. तरी ते साथीच्या उपयोगी पडले.

वही कोणी तपासावी?

एका गोष्टीची मात्र खंत वाटते. नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. एप्रिलात व्हावयाची निवडणूक साथीमुळे पुढे गेली, मग इतर कारणांनी जात राहिली, आणि ती झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४,८२५ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडले गेले, तेव्हा ते मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते. संकटसमयी आयुक्तांनी मंजुरीची वाट न पाहता तातडीचे उपाय योजावेत, असा अधिकार कायद्याचे ६७ वे कलम देते, व ते योग्यही आहे. घरास आग लागली असता कोणी सभा भरवीत नाही. परंतु त्याच कलमात अशा कृतीची हकीकत व खर्च मागाहून समितीपुढे व सभेपुढे ठेवण्याचेही बंधन आहे. ज्यांच्यापुढे ठेवावयाचे ती मंडळीच नसली, तर काय करावे?

ह्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर आम्हांस शंका घ्यावयाची नाही. घरचे आजोबा कितीही सचोटीचे असले तरी वही अधूनमधून आजीने, थोरल्या सुनेने आणि मिसरूड फुटलेल्या नातवाने पाहावी. त्याने आजोबांचा अपमान होत नाही. उलट त्यांच्या शब्दास बळ येते.

साथी येतात नि जातात. मागे काय उरते ते पाहावे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दैना केली, पण त्या दिवसांत हाफकिन ह्यांनी सुरू केलेली लसीची प्रयोगशाळा १८९९ साली परळास गेली आणि आजही त्यांच्या नावाने उभी आहे. कोरोनाच्या साथीतील उसन्या खाटा परत गेल्या. नेरूळची प्रयोगशाळा मात्र नगराच्या पदरी पडली. अशी भर जितकी अधिक तितका खर्च सार्थकी लागला म्हणावयाचे.

म्हणून आमची वाचकांस एक सूचना आहे. आपण ज्या नगरात राहता तेथील अंदाजपत्रक दर फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत छापून येते. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील मंडळींनी ते एकदा वाचावे, आणि मुलांस तीन प्रश्न विचारावेत: आपल्या नगराचा पैसा स्वतःचा किती आणि बाहेरून येणारा किती? आरोग्याकडे माणसांवर किती खर्च होतो आणि इमारतींवर किती? आणि अडीअडचणीसाठी बाजूस काय ठेवले आहे? उत्तरे न मिळाल्यास आपल्या नगरसेवकास विचारावे. आता नवी मुंबईत तो पुन्हा आहे. आणि हे विचारण्यापूर्वी आपल्या घराच्या कराची पावती भरलेली आहे ना, तेवढे कपाट उघडून पाहून घ्यावे.