काळ्या पडद्यावरचा पिवळा ठिपका

दिवसाही आकाशात तारे असतात, पण दिसत नाहीत. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात त्याचा उलगडा केला: प्रखर उजेड मंद उजेडाला झाकून टाकतो.

मायक्रोस्कोपखाली टीबीचा जंतू शोधणाऱ्या तंत्रज्ञापुढे हीच अडचण असते. हा जंतू जेमतेम मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढा लांब आणि बेडक्याच्या चिकट थरात दडलेला. नुसता उजेड वाढवला, तर जंतूबरोबर तो थर, धूळ आणि काचेवरचे ओरखडेही उजळतात.

यावर उपाय म्हणजे मागचा पडदाच काळा करायचा. काचपट्टीवर आधी ऑरामाईन नावाचा रंग घालतात. निळ्या उजेडात पिवळा चमकणारा हा रंग जंतूच्या मेणासारख्या आवरणात घट्ट बसतो. मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने इतर ठिकाणचा रंग धुऊन काढतात. शेवटी पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपल्याकडे विहिरीत टाकतात ते लाल औषध, मागची उरलीसुरली चमक दाबते. तेही मिनिटभरच, जास्त वेळ राहिले तर जंतूची चमकही मंदावते. नीट जमले की काळ्या पडद्यावर पिवळ्या काड्या उठून दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये यासाठी एलईडी दिव्याच्या मायक्रोस्कोपची शिफारस केली. जुन्या लाल रंगाच्या पद्धतीपेक्षा यात रुग्ण अधिक सापडतात आणि वेळही वाचतो.

पण या मेहनतीची सुरुवात आपल्या घरातून होते. अंबड असो, भोकरदन असो की परतूर, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर जरूर जा. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, म्हणजे अन्नाचे कण नमुन्यात येणार नाहीत. खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढा. नुसती लाळ देऊ नका.

आणखी एक गोष्ट. मायक्रोस्कोपला जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जंतू लागतात. म्हणून अहवाल ‘निगेटिव्ह’ आला आणि खोकला, ताप सुरूच राहिला, तर पुन्हा डॉक्टरांना भेटा आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीबद्दल विचारा.

मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून तिचा खोकला लपवणारी घरे आजही आहेत. साध्या टीबीचा इलाज सहसा सहा महिन्यांचा असतो, औषधे मोफत मिळतात आणि नियमित घेतली तर मुलगी बरी होते. लपवलेला आजार मात्र घरातल्या लहानग्यांपर्यंत पोहोचतो.