आघाडी मिळते, पण सामना संपवता का येत नाही?

(छत्रपती संभाजीनगर येथे महाविद्यालयीन खेळाडू आणि क्रीडाशिक्षकांसमोर झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

समोर खेळाडू बरेच दिसताहेत, क्रीडाशिक्षकही आहेत. त्यामुळे नमनाला घडाभर तेल न घालता थेट विषयाला हात घालतो.

महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एक तक्रार कायम ऐकू येते. आपला संघ चांगला खेळतो, पहिला गोल करतो, मध्यंतराला 1-0 असा पुढे असतो. मग दुसऱ्या अर्ध्यात काय होतं कुणास ठाऊक, समोरचा बरोबरी करतो आणि कधीकधी शेवटच्या पाच मिनिटांत सामनाही घेऊन जातो. कोणत्या महाविद्यालयाचं नाव मी घेत नाही, कारण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी असा सामना खेळलेला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची असली की एक पराभव म्हणजे वर्ष संपलं. विद्यापीठाचा संघ या स्पर्धांमधूनच निवडला जातो. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलासाठी ती वीस मिनिटं म्हणजे पुढचं दारच बंद होणं असतं.

अशा पराभवानंतर तीन वाक्यं ठरलेली असतात. ‘पोरांनी कच खाल्ली.’ ‘स्टॅमिना कमी पडला.’ ‘किलर इन्स्टिंक्ट नाही.’ माझं म्हणणं असं की ही वाक्यं निकालाचं वर्णन करतात, कारण सांगत नाहीत. आपण वर्षभर पहिला गोल कसा करायचा याचा सराव करतो. गोल झाल्यावर कसं खेळायचं, याचा सराव एक दिवसही करत नाही. आज एवढाच मुद्दा मांडायचा आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. 5 सप्टेंबर 2019, गुवाहाटी. विश्वचषक पात्रता फेरीत भारत विरुद्ध ओमान. सुनील छेत्रीने 24व्या मिनिटाला गोल केला. त्याआधी उदांता सिंगचा एक फटका क्रॉसबारवर आदळून परत आला होता. 81 मिनिटांपर्यंत भारत पुढे होता. 82व्या आणि 90व्या मिनिटाला ओमानने गोल केले आणि भारत 1-2 असा हरला. साडेचार वर्षांनी, 26 मार्च 2024 रोजी, पुन्हा गुवाहाटी, समोर अफगाणिस्तान. छेत्रीचा दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना, 38व्या मिनिटाला पेनल्टीवर त्याचाच गोल. 70व्या मिनिटाला बरोबरी, 88व्या मिनिटाला पेनल्टी, पुन्हा 1-2.

जवळचं उदाहरण घ्या. 24 एप्रिल 2024, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी. एफसी गोवा मुंबई सिटीविरुद्ध 2-0 असा पुढे. घड्याळात 90 मिनिटं होत आली होती. लालियानझुआला छांगटेने एक गोल केला, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने दुसरा, आणि भरपाईच्या वेळेत छांगटेने तिसरा. सात मिनिटांत 2-0 चं 2-3 झालं. मुंबईने पुढे ती स्पर्धाही जिंकली. गोव्याच्या संघात व्यावसायिक खेळाडू होते, प्रशिक्षक अनुभवी होता, मैदान घरचं होतं. त्यांच्याही तोंडचा घास गेला. म्हणजे ही गोष्ट ‘आपल्या पोरांत दम नाही’ एवढ्यावर सोडून देता येत नाही.

एका गोलाची किंमत

आता थोडं गणित करू. घाबरू नका, दहावीपुरतंच आहे.

समजा, समोरचा संघ तुमच्यापेक्षा थोडा कमजोर आहे आणि पूर्ण 90 मिनिटांत सरासरी एक गोल करतो. तुम्ही 1-0 ने पुढे आहात आणि 30 मिनिटं उरली आहेत. त्या 30 मिनिटांत त्यांनी किमान एक गोल करण्याची शक्यता साधारण 28 टक्के निघते. चार सामन्यांत एकदा बरोबरी होणारच. तुम्ही काहीही चुकीचं केलं नाही, तरी!

आता समजा, आघाडी घेतल्यावर तुम्ही सगळे मागे सरकलात. चेंडू त्यांच्याकडे गेला, त्यांचे हल्ले दुप्पट झाले. तीच शक्यता 49 टक्क्यांवर जाते. नाणं उडवल्यासारखं झालं.

आणि तुम्ही मागे न सरकता दुसरा गोल केला असता तर? मग त्याच 30 मिनिटांत त्यांना दोन गोल करावे लागले असते. ती शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास. 28 वरून साडेचार. सामना संपवणं म्हणजे काय, तर हा दुसरा गोल.

तो होत का नाही? साधा हिशेब असा की फुटबॉलमध्ये दहा फटक्यांमागे एखादा गोल होतो. पेनल्टी चारांतल्या तीन जातात, पण अठरा यार्डांच्या बाहेरून मारलेले शंभर फटके मोजले तर जेमतेम तीन-चार आत जातात. दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही दोनच फटके मारले तर दुसरा गोल होण्याची शक्यता 20 टक्क्यांहून कमी. आठ मारले तर निम्म्याहून जास्त. एक संधी हुकली की आपण स्ट्रायकरला शिव्या घालतो. अहो, संधी हुकणारच. प्रश्न हा आहे की पुढची संधी कधी आली. बहुतेक वेळा उत्तर असतं, आलीच नाही. कारण स्ट्रायकर स्वतःच्या डीमध्ये बचाव करत उभा होता.

मागे का सरकतो?

कुणी सांगितलेलं नसतं, तरी संघ मागे सरकतो. मिळवण्यापेक्षा असलेलं गमावण्याची भीती मोठी असते, हा माणसाचा स्वभाव आहे. बाहेरून आपणही ओरडतो, ‘मागे या, मागे या!’ एकदा दहा जण डीच्या आसपास गोळा झाले की चेंडू मिळाल्यावर तो द्यायचा कुणाला? पुढे कोणी नाही. मग उंच लाथ मारायची. आपली बरीच मैदानं मुरमाची, टणक. चेंडू उंच उसळतो, ताब्यात राहत नाही, आणि दहा सेकंदांत परत आपल्याच डोक्यावर येतो. आपण त्याला ‘क्लिअर केला’ म्हणतो. खरं तर तो समोरच्याला नवा हल्ला भेट दिलेला असतो.

कबड्डी खेळणाऱ्यांना हे चटकन कळेल. आघाडीवरचा संघ चढाईचे तीस सेकंद घालवतो आणि रिकामा परततो. दोनदा चालतं. तिसरी चढाई ‘करो या मरो’. तोपर्यंत समोरचा बचाव स्थिर झालेला असतो, चढाईपटू पकडला जातो, आणि ज्या संघावर लोण चढणार होता तोच उभा राहतो. 7 ऑक्टोबर 2016 रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात भारताची कबड्डी दक्षिण कोरियाकडून 32-34 अशी हरली. बहुतेक वेळ आघाडी आपली होती. शेवटच्या मिनिटांत जांग कुन लीच्या चढायांनी चित्र पालटलं. त्याच संघाने पुढे अंतिम सामन्यात मध्यंतराला इराणकडून 13-18 असं मागे असताना 38-29 असा विजय मिळवला. आता सांगा, तो संघ कच खाणारा होता की लढवय्या? माणसं तीच होती.

दम कमी पडतो म्हणजे नेमकं काय?

दम हा मुद्दा खोटा नाही. जगभर फुटबॉलमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत सर्वाधिक गोल होतात. कारणं माहितीची आहेत. स्नायूंमधलं ग्लायकोजेन दुसऱ्या अर्ध्यात उतरत जातं. दोन वेगवान धावांच्या मध्ये स्नायूला सावरायला दोन-तीन मिनिटं लागतात, ती मिळत नाहीत. घामातून वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की कामगिरी घसरते. साठ किलोच्या मुलासाठी हे सव्वा लिटरही नाही. मराठवाड्यात ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दोनला सामना असेल तर एवढा घाम पहिल्या अर्ध्यातच जातो. त्यात स्पर्धेत लागोपाठ सामने. ग्लायकोजेन भरून यायला नीट जेवण करून साधारण एक दिवस लागतो, आणि आपला खेळाडू सामना संपल्यावर चहा-बिस्किटांवर एसटीने घरी जातो.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चेंडू ज्याच्याकडे असतो तो कमी दमतो. चेंडूमागे धावणारा जास्त दमतो. आघाडी घेऊन चेंडू सोडून दिला की दमण्याचं काम आपण आपल्या अंगावर घेतो. दम संपला म्हणून चेंडू गेला असं आपण म्हणतो. बऱ्याचदा चेंडू आधी गेलेला असतो.

बदलांचं तसंच. वरच्या स्पर्धांत आता पाच बदली खेळाडूंची मुभा आहे. आपल्याकडे मुभा असली तरी पहिला बदल होतो 80व्या मिनिटाला, तोही कुणी लंगडायला लागलं तर. साठाव्या मिनिटाला मधल्या फळीत एक ताजा खेळाडू आला तर चेंडू राहतो.

वेळ काढणं हा उपाय समजू नका. 2025 च्या नव्या नियमानुसार गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. वेळ वाचवायला गेलात आणि त्यांना डोक्याने गोल करायची संधी दिलीत.

गोल झाल्यानंतरची तीन मिनिटं

9 ऑक्टोबर 2017, दिल्ली. सतरा वर्षांखालील विश्वचषक. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता. कोलंबियाविरुद्ध 82व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने हेडरवर गोल केला. भारताचा फिफाच्या विश्वचषकातला तो पहिला गोल. 1-1 झालं, स्टेडियम उसळलं. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल केला. सामना 1-2.

गोल केल्यावर किंवा खाल्ल्यावर लगेचच्या वेळात मन जागेवर नसतं. फातोर्ड्यालाही दुसरा गोल पहिल्यानंतर मिनिटभरातच झाला. म्हणून ही तीन मिनिटं आधीच ठरवून ठेवायची. चेंडू कुणाकडे जाणार, कोण सगळ्यांना जागेवर बोलावणार, पहिला थ्रो-इन कुठे टाकायचा. कर्णधाराला त्या क्षणी विचार करायला लागू नये.

सोमवारपासून काय करायचं?

तीन गोष्टी सांगतो, पैसे लागत नाहीत.

एक, आठवड्यातून दोनदा बारा मिनिटांचा सराव सामना, सुरुवातच 1-0 पासून. आघाडीवरच्या संघाला अट एकच, दोन खेळाडू कायम मध्यरेषेच्या पुढे राहतील. मागे पडलेल्यांनी बरोबरी केली तर ते जिंकले. पुढच्या वेळी बाजू बदला.

दोन, एक वही ठेवा. बाकावर बसलेल्या मुलाने दर पंधरा मिनिटांना दोनच आकडे लिहायचे: आपले फटके किती, त्यांचे किती. पाच सामन्यांनंतर संघ नेमका कुठल्या मिनिटाला मागे सरकतो हे कागदावर दिसेल. मग ‘कच खाल्ली’ म्हणायची गरज उरणार नाही.

तीन, बदल सामन्याआधी ठरवा. साठाव्या मिनिटाला कोण येणार हे त्या मुलाला सकाळीच माहीत हवं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: सर, मोठे संघही आघाडी घेतल्यावर बचाव करतातच ना? मग आपण केला तर चूक काय?*

बचाव करण्यात काहीच चूक नाही. ते ठरवून करतात. फळ्यांमधलं अंतर राखतात, एक-दोन वेगवान खेळाडू पुढे ठेवतात, त्यामुळे समोरच्याचे बचावपटू मोकळेपणाने वर येऊ शकत नाहीत. आपण बचाव करतो तो घाबरून, आणि सगळे मिळून. मैदानावर दोन्ही वरवर सारखेच दिसतात, म्हणून गफलत होते.

*प्रश्न: सर, आमच्या मुलींच्या संघात कशाबशा बारा जणी जमतात. बदल कुठून करायचे?*

तुमचा प्रश्न माझ्या तिसऱ्या मुद्द्याला लंगडा करतो, हे मान्य. बारा जणींमध्ये बदल एकच. तो बाकी ठेवू नका, साठाव्याला करून टाका. मग जागा बदला. विंगवर धावून दमलेल्या मुलीला मध्ये आणा, मधलीला विंगवर पाठवा. आणि चेंडू ताब्यात ठेवण्याचा सराव तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागेल, कारण विश्रांती घ्यायची ती तुम्हाला चेंडू पायाशी ठेवूनच घ्यावी लागणार आहे. पण खरं उत्तर तुमच्या हातात नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना मैदानावर आणण्याचं काम महाविद्यालयाचं आहे. क्रीडाशिक्षक इथे बसलेले आहेत, त्यांनी ऐकलं असेल अशी आशा करतो.