उरेप कापड आणि सिनॉप्सिसमधलं ‘नावीन्य’

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिली तीन-चार पानं पटापट होतात. गाडी अडते ती ‘प्रस्तावित संशोधनातील नावीन्य’ या मथळ्याखाली. बरेच जण तिथे ‘या विषयावर आजवर काम झालेलं नाही’ असं ठोकून देतात, आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी कमिटीतलं कुणीतरी शांतपणे दोन जुने पेपर समोर ठेवतं.

यावर बोलायचं तर मला विज्ञानातल्या कुणापेक्षा आधी मादलेन व्हियोने आठवते. पॅरिसमध्ये बायकांचे कपडे करणारी डिझायनर. माझं काम विणलेल्या कार्बन-फायबरच्या कापडावर आहे, आणि ते कापड साच्यावर बसवताना जो गुणधर्म आम्ही मोजतो, त्याच गुणधर्मावर या बाईने शंभर वर्षांपूर्वी आपली सगळी कारकीर्द उभी केली.

आधी कापडाचं बघू. एक सुती रुमाल घ्या. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, जवळजवळ ताणला जात नाही. आडव्या दिशेने ओढा, तेच. आता समोरासमोरची दोन टोकं धरून कर्णाच्या दिशेने, म्हणजे ४५ अंशात ओढा. रुमाल लांब होतो आणि मधून अरुंद होतो. का? जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा आठवा. त्यातल्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, फक्त त्यांच्यातला कोन बदलतो, आणि तेवढ्यावर अख्खा दरवाजा मिटतो-उघडतो. कापडात पट्ट्यांच्या जागी धागे. सरळ दिशेने ओढताना धाग्यालाच ताणावं लागतं, ते अवघड. तिरकं ओढताना धागे एकमेकांवर फिरतात, चौकोनांचे शंकरपाळे होतात, आणि त्याला फारच कमी बळ लागतं. यालाच शिअर म्हणतात. आपल्याकडचे टेलर या तिरक्या दिशेला ‘उरेप’ म्हणतात; ब्लाऊजच्या गोल गळ्याला उरेप पट्टीच लावतात, कारण सरळ पट्टी वळणावर चुण्या घालते.

आता व्हियोने. जन्म १८७६, फ्रान्समधल्या ल्वारे भागातला. साधारण बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि ती शिवणकामाच्या उमेदवारीला लागली. अठराव्या वर्षी लग्न, एक मुलगी झाली आणि लहानपणीच गेली, संसार मोडला. मग ती लंडनला गेली. तिथे तिने केट रायली यांच्या दुकानात काम केलं, आणि हे दुकान पॅरिसच्या डिझाईन्सच्या नकला करून श्रीमंत गिऱ्हाइकांना विकायचं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९०० च्या सुमारास ती पॅरिसला परतली, कालो भगिनींच्या प्रसिद्ध फॅशन हाऊसमध्ये मादाम जेर्बेर यांच्या हाताखाली शिकली, तिथून जाक दुसे यांच्याकडे गेली. दुसेंकडे तिने मॉडेल्सना कॉर्सेट न घालता उभं केलं आणि विक्री विभाग नाराज झाला, असं सांगतात. कॉर्सेट आधी कुणी काढला, तिने की पॉल प्वारेने, यावर फॅशनच्या इतिहासात भरपूर शाई सांडली आहे. मला तो वाद कंटाळवाणा वाटतो.

१९१२ मध्ये तिने र्‍यू द रिव्होलीवर स्वतःचं फॅशन हाऊस काढलं. १९१४ ला महायुद्धामुळे ते बंद, मग पुन्हा सुरू. आणि इथून पुढे ती ज्यासाठी ओळखली जाते ते काम येतं.

इंटरनेटवर जागोजागी वाचाल की व्हियोनेने बायस कट, म्हणजे उरेप कटाईचा शोध लावला. हे चूक आहे. मध्ययुगात युरोपातले पुरुष पायाला घट्ट बसणारे लोकरीचे मोजे घालायचे, तेही उरेप कापलेले असायचे. कॉलर, पट्ट्या, किनारी यांत तर उरेप सर्रास होतं. तुमच्या कमिटीतल्या त्या प्राध्यापकांनी हे पुरावे समोर ठेवले असते आणि विषय संपला असता.

मग नवं काय होतं? तोपर्यंत कापडाला आकार द्यायचा म्हणजे टक्स घ्यायचे, तुकडे जोडायचे, आत हाडं घालायची. उरेप ही अडचणीच्या जागी वापरायची युक्ती होती. व्हियोनेने अख्खा पोशाख उरेप दिशेत लटकवला. कापडाचं स्वतःचंच वजन खाली ओढतं, कापड लांबतं, त्यामुळे आडवं आवळतं आणि अंगाला लागतं. छातीवर, कमरेवर, नितंबांवर धाग्यांमधला कोन जागोजागी वेगळा होतो. टक्सचं बरंचसं काम कापडच करतं. असे काही पोशाख तर डोक्यावरून सरळ घालता येत, बटणं-हूक काही नाही. १९२० च्या आसपासचा तिचा एक पोशाख म्हणजे चार चौकोन, दोन पुढे दोन मागे, टोकांनी खांद्याला टांगलेले. बस्स.

तेव्हा नेमका दावा असा: उरेपचा ‘शोध’ तिचा नाही, उरेप ही संपूर्ण पोशाखाची रचना म्हणून वापरता येते, हे तिचं. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा लहान दिसतं, पण ते सिद्ध करता येतं.

आणि सिद्ध करायला काय काय लागलं बघा. उरेप कापड फार वाया घालवतं आणि नेहमीचा पन्हा पुरत नाही, म्हणून बियांकिनी-फेरिए या रेशमाच्या कंपनीकडून तिने जास्त रुंदीचं कापड विणून घेतलं. कापड बहुतेकदा क्रेप, ज्याच्या धाग्याला खूप पीळ असतो आणि ते अंगावर लवचिकपणे झुलतं. ती कागदावर चित्रं काढत बसायची नाही. अर्ध्या मापाची लाकडी बाहुली समोर ठेवून तिच्यावर कापड गुंडाळायची, टाचण्या लावायची, सोडवायची, पुन्हा लावायची. आम्ही ज्याला स्केल मॉडेल म्हणतो तेच हे. मोठ्या मापाचा खर्च करण्याआधी लहान मापात चुका करून घ्यायच्या.

हाच प्रश्न विज्ञानाकडूनही सुटत होता, आणि ते मला भारी वाटतं. ऑगस्ट १८७८ मध्ये, व्हियोने दोन वर्षांची असताना, रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी पॅरिसमध्येच व्याख्यान दिलं. विषय: कपड्यांची कटाई! न ताणले जाणारे धागे आणि बदलणारे कोन एवढंच धरून वक्र पृष्ठभागावर कापड कसं बसेल, हे त्यांनी मांडलं. कापडाचा ‘हात’ मोजायच्या पद्धतीवरचा पीअर्स यांचा पेपर १९३० चा. विणलेलं कापड पृष्ठभागावर बसवण्यावरचा मॅक आणि टेलर यांचा पेपर १९५६ चा. आमच्या क्षेत्रात तो अजूनही उद्धृत होतो. आमच्या लॅबमधल्या चाचणीचं नावच ‘बायस एक्स्टेन्शन टेस्ट’ आहे. मग पहिलं कोण? चेबिशेव्हचा दावा गणिताचा, व्हियोनेचा पोशाखाचा. एकाने दुसऱ्याचं नावीन्य कमी होत नाही, कारण दोघांचं वाक्य वेगळं आहे.

आता लंडनचं ते दुकान. नकलांचा धंदा आतून पाहिलेली ही बाई स्वतःच्या नकलांवर तुटून पडली. प्रत्येक डिझाईनचे पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढून अल्बममध्ये नोंद. लेबलवर सही आणि अंगठ्याचा ठसा. नकला करणाऱ्यांवर कोर्टात दावे. तारीख घालून, सगळ्या बाजूंनी केलेली नोंद. तुमची लॅब नोटबुक याहून वेगळी असायचं कारण नाही.

१९२३ मध्ये ती अव्हेन्यू मोंतेन्यवर गेली तेव्हा कामाला हजाराहून जास्त माणसं होती, बहुतेक बायका. त्यांना पगारी सुट्टी, दवाखाना, दातांचा डॉक्टर, आणि स्टुलांऐवजी पाठ असलेल्या खुर्च्या. फ्रान्समध्ये पगारी सुट्टीचा कायदा आला १९३६ मध्ये. बारा वर्षांची असताना उमेदवारीला बसलेल्या मुलीला पाठीचं दुखणं ठाऊक होतं, असं मी समजते.

१९३९ मध्ये तिने काम थांबवलं. १९५२ मध्ये शंभराहून जास्त पोशाख आणि ७५ अल्बम तिने फ्रान्समधल्या वेशभूषेच्या संस्थेला देऊन टाकले. आज ते पॅरिसच्या म्युझे दे झार देकोरातीफमध्ये आहेत. १९७५ मध्ये, ९८ व्या वर्षी ती गेली. सिद्धान्त मांडणारं पुस्तक तिने लिहिलं नाही. पुढे बेट्टी कर्क या संशोधिकेने मूळ पोशाख तपासून त्यांचे पॅटर्न पुन्हा उभे केले आणि १९९८ मध्ये ते इंग्रजी पुस्तकात आले. सपाट मांडलेले ते आकार बघून यातून झगा होईल असं वाटत नाही. एखादा अर्ध्या मापात करून बघायचा असेल तर मांजरपाट घेऊ नका, तो पुरेसा झुलत नाही. जॉर्जेट घ्या, आणि खालची किनार दुमडायच्या आधी एक-दोन दिवस नुसता टांगून ठेवा. उरेप कापड उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही.