शेंगदाणा, उंदीर आणि यकृत

सेलूच्या बाजारातून शेंगदाणे घरी आले, की अम्मी ते सुपात घेऊन निवडते. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे ती बाहेर काढते. 'चार दाण्यांनी काय होणार?' असे तुम्हांला वाटेल. या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना इवल्याशा उंदराची मदत झाली.

1960 साली इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या पक्ष्यांची सुमारे एक लाख पिल्ले मेली. त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. त्या बुरशीच्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. हे विष यकृताला इजा करते. यकृत म्हणजे तुमच्या उर्दूतील 'जिगर'. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड ते असते. शरीरात आलेली विषे निकामी करणे हे त्याचे एक मोठे काम आहे.

हे विष माणसाला देऊन पाहणे शक्य नव्हते. म्हणून ते प्राण्यांना देऊन पाहिले. मोठ्या जातीच्या उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. पण लहान जातीच्या प्रौढ उंदरांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही! असे का झाले? लहान उंदराच्या यकृतातील एक पदार्थ या विषाला चटकन निकामी करतो. माणसाच्या यकृतात ही शक्ती फार कमी असते. केवळ लहान उंदराकडे पाहून 'हे विष निरुपद्रवी आहे' असे ठरवले असते, तर केवढी चूक झाली असती! उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे शास्त्रज्ञांना सतत लक्षात ठेवावे लागते.

यकृताच्या कर्करोगाचे दुसरे मोठे कारण म्हणजे हिपॅटायटिस-बी हा विषाणू. त्याच्यामुळे कावीळही होते. हा विषाणू उंदराला लागत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुके ज्यांच्या शरीरात जन्मापासूनच आहेत, असे उंदीर तयार केले. त्यांच्यापैकी काहींना पुढे यकृताचा कर्करोग झाला. त्यांना बुरशीचे विष दिले, तेव्हा गाठी अधिक लवकर आल्या. दोन कारणे एकत्र आली की धोका फार वाढतो, हे माणसांच्या पाहणीतही दिसून आले.

उंदराचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते. माणसात अनेक वर्षे लपून वाढणारा रोग त्याच्यात काही महिन्यांत अभ्यासता येतो. आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

उंदरालाही वेदना होतात. म्हणून असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. त्यांसाठी समितीची परवानगी घ्यावी लागते. कमीत कमी प्राणी वापरावेत आणि त्यांना कमीत कमी त्रास व्हावा, असा दंडक आहे.

मित्रांनो, या मुक्या जिवांनी दिलेले ज्ञान वाया जाऊ देऊ नका. भुईमुगाच्या शेंगा उन्हात चांगल्या वाळवा. त्या कोरड्या जागी ठेवा. बुरशी आलेले दाणे भाजूनही खाऊ नका, कारण भाजल्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. घरात बाळ जन्मले, तर 24 तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस-बीची लस देण्याची आठवण करा. आणि उद्या अम्मी सूप घेऊन बसली, तर तिच्या शेजारी बसून दाणे निवडू लागा.