मालदांडीचा पाण्याचा हिशेब

सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागांत रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. पुढे पाऊस जवळपास नसतोच. काळ्या मातीने पावसाळ्यात मुरवून ठेवलेल्या ओलीवरच फेब्रुवारीपर्यंत पीक काढायचे. दाणे भरायची वेळ येते तेव्हाच जमीन कोरडी पडते.

या परीक्षेत आजवर टिकली ती मालदांडी. 'मालदांडी 35-1' हे वाण 1930च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडले गेले. संकरित वाणांनी खरिपात बस्तान बसवले, पण रब्बीत त्यांची डाळ शिजली नाही. भाकरीसोबत सालन असो की पिठले, आपल्या घरात मोत्यासारख्या दाण्याची गोड भाकरीच लागते. त्याहून मोठी गोष्ट कडब्याची. दुष्काळी वर्षात कडबा नसला की दावणीचे जनावर मिळेल त्या भावाला विकावे लागते. केवळ दाण्याचे उत्पन्न मोजणाऱ्याला हे दिसत नाही.

मग मालदांडीतच सुधारणा का करू नये? दुष्काळ सोसण्याचे एकच जनुक नसते, तिथेच खरी अडचण आहे. शास्त्रज्ञांना मूळच्या इथिओपियातल्या एका ज्वारीत उपयोगी गुण सापडला. पाणी तुटले तरी तिची पाने उशिरापर्यंत हिरवी राहतात. तिला फुटवे कमी, वरची पाने लहान. त्यामुळे फुलोऱ्यापूर्वी पाणी कमी खर्च होते आणि उरलेले दाण्याला मिळते. पगारातले चार पैसे महिनाअखेरीसाठी राखणाऱ्या गृहिणीसारखेच हे! शिवाय ताट खडखड्या रोगाने सहज लोळत नाही.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने हा गुण संकर करून मालदांडीत आणला. रोपाच्या पानाचा तुकडा तपासून हवा तो जनुकभाग आला की नाही, हे लहानपणीच कळते. नंतर पुन्हापुन्हा मालदांडीशीच संकर, म्हणजे बाकीचे गुण तिचेच राहतात.

मात्र भरपूर ओल असताना हीच काटकसर उत्पन्नाला मारक ठरू शकते. म्हणून सगळ्या रानांना एकच वाण चालत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा आणि भारीसाठी फुले वसुधा अशी वाणे दिली आहेत. बी घेण्याआधी रानात कुदळ मारून मातीची खोली पाहावी. ही सुधारित वाणे संकरित नाहीत, त्यामुळे चांगली कणसे निवडून पुढच्या पेरणीचे बी घरीच राखता येते.